उरलेले सव्वीस अंश

हर्डीकर सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे. तिथे शाळेच्या कंपासपेटीतला प्लास्टिकचा कोनमापक असे, घामानं पिवळा पडलेला. मी पहिल्यांदा त्यांच्या बास्केटबॉलच्या ग्राउंडवर गेले तेव्हा चौदा वर्षांची होते. त्यांनी नाव विचारलं नाही. म्हणाले, "हात सरळ कर."

मी उजवा हात पुढे केला.

"सरळ म्हटलं मी."

"सर, सरळच आहे."

त्यांनी कोनमापक काढला, माझ्या कोपराला टेकवला, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि मागं उभ्या असलेल्या मुलींकडे वळून म्हणाले, "एकशे चौपन्न. सरळ हात एकशे ऐंशीचा असतो. उरलेले सव्वीस ही बाई घरी विसरून आलीय."

मुली खिदळल्या. मी बाही मनगटापर्यंत ओढली, ती त्या हसण्यामुळे नव्हे. आमच्या घरात माझ्या कोपराबद्दल कोणी बोलत नसे. मी सहा वर्षांची असताना बेटम्याच्या रस्त्यावर आमची स्कूटर घसरली होती. बाबा चालवत होते. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. माझं कोपर मोडलं आणि वाकडं जुळलं. तेव्हापासून आई मला लांब बाह्यांचे कपडे घेई आणि आरशासमोर उभी असले की मागून येऊन उगाच माझी वेणी नीट करी. आठ वर्षं घरात जे कोणी तोंडातून काढलं नव्हतं, ते या माणसानं अर्ध्या मिनिटात मोजून सगळ्यांसमोर सांगितलं.

सर स्वतः पाच फूट तीन इंच. बास्केटबॉलचा एकही सामना ते कधी खेळले नव्हते. वडील मिलमध्ये टाइमकीपर, आणि हे इंजिनिअरिंग कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये आयुष्यभर असिस्टंट. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या क्लबच्या मुलींना सकाळी साडेपाच ते साडेसात शिकवायला लागले, आणि तेही मुख्यतः एकच गोष्ट: फ्री थ्रो. धावणं, पास देणं, अडवणं हे दुसऱ्या कोचकडे. "तिकडे समोर माणसं असतात," सर म्हणत. "माणसांचं मला कळत नाही. फ्री थ्रोला कोणी अडवत नाही. रिंग तिथेच, रेषा तिथेच, चेंडू तोच. म्हणजे चुकलं तर चूक तुझीच. भिया, इससे साफ चीज दुनिया में कोई नी है."

त्यांची शिकवणी मात्र मी अजून कुठे पाहिलेली नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येक मुलीला शिडीवर चढवून रिंग वरून बघायला लावली. "काय दिसतं?" "गोल, सर." मग खाली उतरवून, रिंगच्या पातळीतून आडवं बघितलं तर ती कशी दिसेल ते चित्र फळ्यावर काढून दाखवलं. "आता काय दिसतं? चीर. चेंडू सपाट टाकलास तर त्याला ही चीर दिसते. उंचावरून आणलास तर ताट दिसतं. आता तूच ठरव, ताटात जेवायचं का चिरेत?" रेषा आणि रिंग यांच्या मध्ये दोन बांबू रोवून त्यांनी आडवी सुतळी बांधली होती. चेंडू तिच्यावरून गेलाच पाहिजे. सुतळीला लागून चेंडू आत पडला तरी ते तो धरत नसत. "पडला हा इत्तेफाक आहे. गेला कसा ते सांग."

फोन तिपाईवर लावून ते प्रत्येकीचा व्हिडिओ काढत आणि हळू चालवून दाखवत. गुडघा कधी वाकला, कोपर बाहेर गेलं का, मनगट शेवटी मोडलं की मध्येच थांबलं, चेंडू सुटताना मागं फिरत होता का. आणि प्रत्येक चित्राबरोबर एक टोमणा. तन्वी नावाची माझी मैत्रीण होती, तिला म्हणाले, "गुडघे वाकवायला देवानं दिलेत, तू फक्त शोभेला ठेवलेत." कोणी सबब सांगितली की बोट दाराकडे. "बहाने जुत्यांबरोबर बाहेर काढून यायचं."

पंधरा दिवसांनी ते आमच्या घरी आले. आईनं पोहे केले, वर शेव घातली. त्यांनी बशी हातात घेतली आणि बाबांना विचारलं, "ऑपरेशन का नाही केलं हिचं?"

बाबा म्हणाले, "डॉक्टर म्हणाले होते, वाढीबरोबर सुधारेल."

"दुसऱ्या डॉक्टरला विचारलंत?"

बाबांनी शेवेची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"म्हणजे विचारायचंच नव्हतं," सर म्हणाले. "गाडी तुमच्या हातात होती, म्हणून त्या कोपराकडे बघवत नव्हतं. तुमचं बघणं वाचलं, हिचा हात गेला."

बाबा उठून बाल्कनीत गेले. सरांनी पोहे संपवले, चांगले झालेत म्हणून आईला सांगितलं आणि गेले. त्या दिवसापर्यंत मला रोज पहाटे बाबा ग्राउंडवर सोडत. दुसऱ्या दिवसापासून आई सोडू लागली. बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आज किती पडले म्हणून. आईनं सरांना कधी क्षमा केली नाही. मी तेव्हा सरांच्या बाजूनं होते, हेही सांगायला हवं. मला पहिल्यांदाच कोणीतरी खरं सांगितलं होतं आणि त्याची मला नशा चढली होती.

वर्षभर त्यांनी माझा एका हाताचा फ्री थ्रो बसवायचा प्रयत्न केला. रोज शंभर. पासष्टीचा माणूस रिंगखाली उभा राहून शंभर वेळा वाकून चेंडू उचलून मला परत द्यायचा. कोपर दुखलं तर बर्फाची पिशवी स्वतः धरून बसायचा, गप्प. पण हात पूर्ण उघडतच नव्हता, त्यामुळे चेंडू नेहमी डावीकडे ओढला जाई. शंभरात चाळीस, फार तर पंचेचाळीस. एका सकाळी त्यांनी चेंडू माझ्या हातात दिला नाही. म्हणाले, "बोरगावकर, बंद. तुझ्या खांद्यापासून बोटापर्यंत जितके सांधे, तितके शत्रू. त्यातला एक तर फितूरच आहे. अपन त्याला खेळातूनच काढून टाकू. आजपासून दोन्ही हातांनी, खालून."

खालून म्हणजे दोन्ही हात पायांमध्ये लोंबते ठेवून, विहिरीतून बादली काढल्यासारखा चेंडू वर सोडायचा. लहान पोरं टाकतात तसा. त्यात कोपराला फारसं काम नसतं, दोन्ही हात सारखे झुलतात, चेंडू उंच जातो आणि रिंगवर मऊ उतरतो. हे सगळं त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. मला ते समजलं. आणि समजूनसुद्धा मी तिथंच उभी राहून रडले.

"लाज वाटते?"

"हो सर."

"लोक हसतील म्हणून?"

"हो."

त्यांनी थोडा विचार केला. मग सगळ्या मुलींना बोलावून रेषेच्या दोन्ही बाजूंना उभं केलं. "ही चेंडू टाकेल तेव्हा तुम्ही हसायचं. मोठ्यानं. काय बोलायचं ते बोला. रोज पंधरा मिनिटं." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सामन्यात अनोळखी माणसं हसतील. ते पहिल्यांदा ऐकशील तर हात थरथरेल. इथं रोज ऐक, म्हणजे तिथं तो नुसता आवाज राहील. म्हणून हे. तुला छळायला नाही." आणि हे त्यांनी एकदाच नाही सांगितलं. रोज सुरू करण्याआधी ते हे सांगत, औषध देताना डॉक्टर सांगतो तसं.

पहिल्या दिवशी मुली ओशाळून हसल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांना जमायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांना सांगावं लागेना. पंधरा मिनिटं संपल्यावरही हसू चालू राही, पाणी पिताना, बुटांच्या नाड्या सोडताना. माझ्या कोपरावर, चालण्यावर, बाबांच्या स्कूटरवर. स्कूटरची गोष्ट मी फक्त तन्वीला सांगितली होती. सरांना हे दिसत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. माणसांचं त्यांना कळत नव्हतं, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं. एवढं मात्र खरं, की त्या पंधरा मिनिटांत एकटे तेच हसत नसत. ते रिंगखाली वाकून चेंडू उचलत असत.

चार महिन्यांत मी शंभरात पंच्याऐंशीवर गेले.

मग शहरातल्या क्लबांचा अंतिम सामना झाला. मला दहा फ्री थ्रो मिळाले. पहिला खालून टाकला तेव्हा अख्खा हॉल फुटला. शिट्ट्या, टाळ्या, "अरे बाल्टी भर रही है!" मला काही म्हणजे काही झालं नाही. सरांचं औषध लागू पडलं होतं. नऊ आत गेले आणि आम्ही सामना जिंकलो. मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "दहावा बाहेर का गेला ते घरी जाऊन बघ. मनगट घाईत होतं."

त्याच संध्याकाळी कोणीतरी माझी रील टाकली. चेंडूच्या जागी बादली लावलेली, खाली पाण्याचा आवाज. दोन दिवसांत ती शाळेत, सोसायटीत, पलासियातल्या माझ्या कोचिंग क्लासमध्ये सगळ्यांच्या फोनवर होती. मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरची मुलं एकदम वाकून बादली ओढायची. जिन्यात, पाणीपुरीच्या गाडीवर, लग्नात. "बाल्टी दीदी." सरांनी मला हॉलमधल्या हसण्याची सवय केली होती. ते हसणं तासाभरानं संपतं. हे संपत नव्हतं, आणि याचा सराव कोणी घेतलेला नव्हता. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "नऊ पडले की नाही? मग?"

महिन्याभरानं राज्याच्या संघाच्या निवड चाचण्या होत्या. फ्री थ्रोची पाळी आली. मी रेषेवर उभी राहिले आणि दोन्ही हात खाली नेले. निवड करणाऱ्यांतल्या एका बाईंनी, फार प्रेमानं, म्हटलं, "बेटा, ठीक से डालो ना. नॉर्मल." बाकीचे दोघं हसू दाबत होते. कुंपणाबाहेर सर उभे होते. त्यांनी मान हलवली: नाही.

मी चेंडू वर उचलला आणि एका हातानं टाकला, नॉर्मल. दहापैकी तीन पडले. यादीत माझं नाव आलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा मुली होत्या, त्यांचे आईवडील होते, माझी आई होती. सर सावकाश चालत माझ्यासमोर आले. "बोरगावकर," ते म्हणाले, "कोपर वाकडं आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. कणाही वाकडा आहे, हे समजायला दोन वर्षं लागली. माझीच चूक."

गाडीत मी आईला सगळं सांगितलं. पंधरा मिनिटांचं हसणं, स्कूटरवरचे टोमणे, सगळं. तिनं दुसऱ्या दिवशी क्लबकडे लेखी तक्रार दिली. आठवड्यानं क्लबच्या ऑफिसात तिघांची समिती बसली. सर एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, मी दुसऱ्या. मध्ये टेबल. सचिवांनी विचारलं, "सरांनी बाकीच्या मुलींना तुझ्यावर हसायला लावलं, हे सही आहे?"

"हो."

"रोज?"

"हो."

"का, ते त्यांनी तुला कधी सांगितलं होतं?"

मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, व्हिडिओ हळू चालवताना बघायचे तसे. पुढं काय होणार याची त्यांना उत्सुकता असावी इतकंच. त्या क्षणी मला त्यांचं ते वाक्य शब्दन्‌शब्द पाठ होतं.

"नाही," मी म्हणाले.

सचिव सरांकडे वळले. "हर्डीकरजी, आपको कुछ कहना है?"

"मुलगी म्हणते ते लिहून घ्या," सर म्हणाले.

तन्वीनं आणि आणखी चार मुलींनीही खाली सह्या केल्या. ज्या हसल्या होत्या त्यांनीच. सरांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. सोमवारी माळ्यानं बांबू उपटले. त्या खड्ड्यांत पाय मुरगळेल म्हणून त्यावर सिमेंट टाकलं. आई म्हणाली, सुटलीस. मी बास्केटबॉल सोडला तो तेव्हाच. बाबांनी त्या रात्री जेवताना पहिल्यांदा सरांचं नाव काढलं. म्हणाले, "माणूस खोटं बोलत नव्हता." आईनं त्यांच्या ताटात पोळी वाढली.

मी पुढं फिजिओथेरपी शिकले. आता पलासियाच्या एका क्लिनिकमध्ये आहे. त्या समितीनंतर सात वर्षांनी तन्वी तिच्या सासूला घेऊन आली तेव्हा तिच्याकडूनच कळलं, की सर महूला भाच्याकडे असतात, बाथरूममध्ये पडून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण उठत नाहीत.

मी रविवारी गेले. भाचा साधा माणूस, महूच्या बाजारात त्याचं स्टेशनरीचं दुकान आहे. त्यानं मला आतल्या खोलीत नेलं. सर पलंगावर होते. शरीर निम्मं झालं होतं, डोळे तेच.

"बोरगावकर," ते म्हणाले. जणू मी काल आले होते.

मी वाटेत घोकलेलं सगळं एका दमात बोलले. "सर, मी त्या दिवशी खोटं बोलले. तुम्ही रोज सांगत होता."

"माहीत आहे. मी तिथंच बसलो होतो."

"मला माफ करा."

"नाही."

बाहेर भाच्याची बायको कुकरची शिटी मोजत होती. मी तशीच उभी राहिले.

"तुला काय वाटलं," सर म्हणाले, "मी म्हणेन, जाने दे बेटा, बच्ची थी? बच्ची नव्हतीस. सोळा वर्षांची होतीस आणि तुला वाक्य पाठ होतं. ग्राउंड गेल्यावर सहा महिने मी सकाळी साडेपाचला तयार होऊन खुर्चीवर बसायचो. मग इकडे आलो. तुला माफ करण्याइतकं माझ्याकडे काही उरलेलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "काम काय करतेस?"

मी सांगितलं.

"मग रडतेस काय? पाय बघ."

मी पाय बघितला. गुडघा आखडला होता, स्नायू विरघळून गेल्यासारखे झाले होते. भाचा दुखेल या भीतीनं हात लावत नव्हता. मी त्या दिवशी लावला. ते ओरडले. मी थांबले नाही. माझ्या पेशंटशी मी कधी वागत नाही इतकी कठोर मी त्यांच्याशी वागले, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या एकदोन रविवारी मला त्यात बरं वाटलं. पुढं ते बरं वाटणं गेलं. राहिलं ते काम. पाच महिने दर रविवारी गेले. आधी पलंगाच्या कडेला बसवलं, मग वॉकर धरून उभं केलं, मग दारापर्यंत. दारापर्यंत पोचले त्या दिवशी मी म्हणाले, "शाब्बास सर." त्यांनी माझ्याकडे तुच्छतेनं बघितलं. "डावी टाच उचलली नाही मी. दिसलं नाही तुला? क्या फिजिओ है."

मध्येच एकदा, वाकून त्यांची टाच धरलेली असताना, मी पुन्हा माफीचं विचारलं. ते म्हणाले, "तिसऱ्यांदा विचारलंस तर दार बंद." मी विचारलं नाही.

हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला आणि तीन दिवसांत ते गेले. मला शनिवारी फोन आला. रविवारी निघायचं म्हणून बॅग भरून ठेवली होती.

शोकसभा क्लबनंच ठेवली, त्याच ग्राउंडच्या हॉलमध्ये. फोटोला मोठा हार. सचिव तेच होते, जरा जाड झालेले. ते बोलले, सर शिस्तीचे होते, ग्राउंड हेच त्यांचं घर होतं, काही गैरसमजामुळे शेवटी दुरावा आला. मी उठले. माइक नव्हता, पण हॉल छोटा होता. मी म्हणाले, "गैरसमज नव्हता. समितीनं मला विचारलं होतं, सरांनी कारण सांगितलं होतं का. ते रोज सांगत होते. मी नाही म्हटलं. मी खोटं बोलले होते."

पुढच्या रांगेतली दोन माणसं मागं वळून बघून पुन्हा पुढं वळली. तन्वी मान खाली घालून फोनवर काहीतरी बघत होती. सचिव म्हणाले, "अरे बेटा, इतनी पुरानी बात. आता सर तर गेले. बैठो, बैठो." मग त्यांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. शांतता संपल्यावर चहा आला.

निघताना भाचा फाटकापर्यंत सोडायला आला. मी बोललेलं त्यानं ऐकलं होतं. फाटकाची कडी काढत म्हणाला, "मामा तुमच्याबद्दल एकदाच बोलले होते. मीच म्हटलं, मामाजी, ही मॅडम इतक्या लांबून येते तुमच्यासाठी, निदान तिच्याशी नीट तरी बोला."

"मग?"

त्याला सांगावं की नाही कळेना. "म्हणाले, माझ्यासाठी नाही येत, स्वतःसाठी येते. येऊ दे. चाल तर माझी सुधारतेय ना."

"बरोबर म्हणाले," मी म्हटलं, आणि स्कूटर सुरू केली.